मामांचा नसलेला रस्ता

नसलेल्या रस्त्यावरून तुम्ही कधी चाललात का? माझ्या मैत्रिणीचे मामा रोज चालतात. पालिकेच्या शब्दावर त्यांच्याइतका मनापासून विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या वसईत मी तरी दुसरा पाहिलेला नाही. निर्मळला त्यांची केळीची आणि फुलांची वाडी आहे. समोरचा रस्ता रुंद होणार म्हणून कधीतरी कोणीतरी येऊन चुन्याची रेघ मारून गेलं. रेघ केव्हाच धुऊन गेली, पण मामांच्या डोळ्यांसमोरून हलली नाही. त्यांनी आपलं कुंपण मागे घेतलं आणि रेघेच्या जागी बकुळीची रोपं लावली. चांगल्या रस्त्याला सावली हवी ना! रस्ता आला नाही, बकुळी मात्र मोठ्या झाल्या. आता संध्याकाळी खड्ड्यांतल्या पाण्यावर त्यांची फुलं तरंगतात, आणि खरं सांगते, पाच मिनिटं मी पालिकेवर चिडायचंही विसरते.

मामा चालतात ते कडेच्या चिखलातून, कारण तिथे फूटपाथ होणार आहे. वळणावर सायकल थांबवून ते दोन्हीकडे बघतात आणि हात दाखवतात. शेजारचा स्कूटरवाला एकदा ओरडला, "मामा, मागून कोंबडीसुद्धा येत नाहीये, जा की!" मामा शांतपणे म्हणाले, "आत्तापासून सवय हवी. उद्या गाड्या जोरात येतील." धाकट्या पुतणीच्या लग्नात त्यांनी कुंपणाबाहेरच्या ऐसपैस जागेत मांडव घालू दिला नाही. "ती जागा रस्त्याची. उद्या रोलर आला तर नवरीला उठवायचं का?" मांडव वांग्यांच्या वाफ्यात पडला. पाहुणे रोपांत पाय ठेवून जेवले, आणि आशीर्वाद देऊन निघालेल्या फादरांच्या झग्याला वांग्याचं पान चिकटून गेलं.

मग एका सकाळी खरंच एक जेसीबी वाडीसमोर येऊन थांबला. मामांनी हाक मारली आणि गल्ली लोटली. सगळे फुलं पिकवणारे, हाराला काय उशीर! अबोली, झेंडू, मोगरा, हाताला येईल ते त्या यंत्रावर चढलं. फादर पवित्र पाणी घेऊन आले, देवळातले गुरव नारळ घेऊन आले.

"फादर, आधी तुमचं होऊ दे."

"नाही नाही, नारळ आधी."

दोघांचंही झालं. टाळ्या वाजल्या. फुलांत गळ्यापर्यंत बुडालेला ड्रायव्हर तेव्हा हळूच म्हणाला, "वो सब ठीक है, चाचा, लेकिन नायगाव का रास्ता कौनसा?"

मामांनी रस्ता सांगितला, तोही होणाऱ्या रस्त्याच्या हिशेबाने. बिचारा बराच वेळ वाडीभोवतीच घिरट्या घालत होता.

पत्रकं वाटणाऱ्या घरात मी वाढले. मोर्चा म्हटलं की माझं रक्त उसळतं. पण मी विषय काढला की मामा हसायचे. "ओरडल्याने डांबर वितळतं का गं?" आणि ओट्यावर बसून सांगू लागायचे, दिवे कुठे लागतील, बाक कुठे येईल, त्या बाकावर बाय कशी टेकेल.

बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझ्या मैत्रिणीची आई. ती नायगावला मुलीकडे टॉवरमध्ये राहते. मणक्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं, एकही गचका नको. तेव्हापासून तिचं माहेर तुटलं. फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "झाला का रे रस्ता?" मामांचं उत्तरही ठरलेलं, "होतोय, बाय."

गेल्या नाताळात तिने हट्टच धरला. आम्ही तिला घेऊन रिक्षाने निघालो. डांबर संपलं, पहिलं चाक खड्ड्यात गेलं आणि तिने माझा हात असा आवळला की मला पुढचं कळलं. रिक्षावाल्याने गाडी थांबवली. "मावशी, पुढे नाही नेत मी. माझा जीव होत नाही."

फोन केल्यावर मामा चालत आले आणि रिक्षातच तिच्याशेजारी बसले. तिथून केळींच्या वर घराची कौलं दिसत होती. ती बघत राहिली.

"केवढं जवळ आहे रे."

दिव्यांच्या खांबांवर तासभर बोलणारे मामा खाली उतरले. रिक्षा परत वळायच्या आत त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तो तुझा मोर्चा. त्यात माझ्यासारख्याला काय करावं लागतं?"

"काही नाही, मामा. नुसतं उभं राहायचं."

"ते जमेल."

येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता मामा प्रभाग कार्यालयाच्या दारात उभे राहणार आहेत. आयुष्यात त्यांनी आवाज चढवून कुणाकडे काही मागितलेलं नाही, त्या दिवशीही मागणार नाहीत. एकटा, हळू बोलणारा म्हातारा दारात दिसला की त्याला चहा पाजून परत पाठवणं फार सोपं असतं. बाय थकत चालली आहे. म्हणून सांगते, सोमवारी तुम्ही या. घोषणा मी देईन. तुम्ही फक्त मामांच्या शेजारी उभे राहा, आणि काम सुरू होण्याची तारीख मिळेपर्यंत हलू नका.