तानूबाईंचा गोठा

तुम्हाला सांगतोय ते मी कालपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही. आईला तर नाहीच – ती अजून आटपाडीत सगळ्यांना सांगते, माझा पोरगा पाण्याचा साहेब आहे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी.

पाण्याचा साहेब – पण कुठल्या पाण्याचा? साताऱ्याच्या डोंगरावर, पर्यटकांच्या एका गावात, मी नगरपालिकेचं सांडपाणी केंद्र सांभाळतो. हॉटेलांची घाण टाक्यांत येते, जिवाणू ती खातात, निवळलेलं पाणी ओढ्याला जातं. त्या जिवाणूंना सतत हवा लागते. हवा देणारे ब्लोअर मोठा आवाज करतात. एवढंच ध्यानात ठेवा.

सांगलीत, विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकताना ज्या काकांनी मला घरी ठेवून घेतलं, जेवू घातलं, त्यांचं आता इथं, केंद्राला लागूनच हॉटेल आहे. एका हंगामात ते म्हणाले, “दुपारचं तेवढं बंद ठेव की रं. गिऱ्हाईक झोपत न्हाईत.”

नाही म्हणता आलं नसतं? आलं असतं. मी दुपारभर ब्लोअर बंद ठेवू लागलो. काय होणार ते मला ठाऊक होतं – तेच तर शिकलो होतो. जिवाणू मेले. टाक्या काळ्या पडल्या. मग ओढाही.

खालच्या वाडीची विहीर ओढ्याकाठी आहे. वाडीत जुलाब सुरू झाले. तिथल्या तानूबाई बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन चढण चढून वर आल्या. त्यांची सून दवाखान्यात होती.

“सायेब, हिरीला वास मारतोय. ह्ये तुमच्याकडचं तर न्हाई?”

इथं – इथं मी थांबलो होतो, खरं सांगायला पुरेल इतका वेळ. मग विचारलं, ओढ्याकाठी गोठा कुणाचा आहे? त्यांचाच होता. मी म्हणालो, मग त्याचंच असणार.

त्यांनी माझं गाव विचारलं. आटपाडी, कायमचा दुष्काळी मुलूख, म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. “आवं, मग तुमी पान्याचं खोटं कशाला सांगशीला?”

वाडीला त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. “हिच्या म्हशींनी समद्यांना आजारी पाडलं,” असं लोक त्यांच्या तोंडावर बोलले. त्यांनी म्हशी विकल्या, गोठा मोडला.

ते कळलं आणि मी घाबरून ब्लोअर दिवसभर चालू केले. काकांना काय सांगू, म्हणून कितीतरी शब्द जुळवून गेलो होतो. ते नुसतं “बरं” म्हणाले.

काही आठवड्यांत ओढा निवळला. वाडीला वाटलं, गोठा गेला म्हणून. माझं खोटं असं खरं ठरलं – आणि मी ते ठरू दिलं. इतकी वर्षं.

गेल्या आठवड्यात तानूबाई बाजारात भेटल्या. सोबत नवी नातसून होती. “ह्येच ते सायेब. आपली हीर ह्यांनी वाचवली. पाया पड,” म्हणाल्या. ती वाकली. मी मागे सरलो नाही.

आज नगरपालिकेत सगळं लिहून दिलं. काकांनाही सांगून आलो. रविवारी वाडीची माणसं विहिरीपाशी जमतात. तानूबाईंच्या घरी एकट्याने जाऊन सांगणं सोपं आहे. पण दोष त्यांना चारचौघांत लागला होता. गोठ्याचं जोतं अजून तिथंच आहे. त्यावर उभा राहून मी सांगणार आहे.