‘सांगायचं नाही’ असा रकाना

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक दिवस सूचना आली की या सिस्टीमला यापुढे सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. मी ती वाचली, बंद केली आणि भाजी निवडायला बसले. रविवारी पुण्याच्या भाच्याचा फोन आला तेव्हा सहज सांगितलं. तो कॉम्प्युटरच्याच कामात आहे. त्यानं विचारलं, “मावशी, त्यात आहे काय काय?”

“बायोडाटे,” मी म्हटलं.

शाळेतून रिटायर झाल्यापासून आमच्या समाजातल्या लग्नाच्या मुलामुलींची माहिती वाशीमला माझ्या घरी जमा होते. हे काम मला कोणी दिलं नाही. दोन सोयरिकी जुळवल्या आणि ते गळ्यातच पडलं. नाव, शिक्षण, उंची, मामेकुळ, फोटो. आणि प्रत्येकाच्या शेवटी मी स्वतः केलेला एक रकाना: ‘सांगायचं नाही’. आया माझ्याजवळ बसून जे हळूच बोलून जातात ते त्यात. कुणाचा साखरपुडा मोडलेला, कुणाला एका कानानं कमी ऐकू येतं. उगाच चुकीच्या घरी पोरीला दाखवायला नेऊ नये, एवढ्यासाठी मी ते लिहून ठेवत असे.

नवीन सिस्टीम या मशीनवर चालत नाही, नवा कॉम्प्युटर घे, भाचा म्हणाला. मला राग आला. चांगली चालणारी वस्तू केवळ कंपनीनं हात झटकले म्हणून मी का फेकू? मग त्यानं अटी घातल्या. नेटची वायर काढायची, ती परत लावायची नाही. बाहेरचा पेनड्राइव्ह आत घालायचा नाही, कोणाचाही. दर आठवड्याला सगळ्याची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घ्यायची आणि ती काढून कपाटात ठेवायची. पासवर्ड बदलायचा. मी छत्तीस वर्षं पोरांना शिस्त लावली, मला कसली अडचण? वायर काढून गुंडाळून माळ्यावर टाकली. पेनड्राइव्ह चालणार नाहीत अशी पाटी दाराच्या आत लावली.

पण आमच्याकडे बायोडाटा आधी देवापुढे ठेवतात, मग घराबाहेर काढतात. कागदाचे दिवस होते तेव्हा कोपऱ्याला कुंकवाचं बोट असायचं. आता पेनड्राइव्हला असतं. असा आणलेला बायोडाटा दारातून परत पाठवत नाहीत.

रिठदचे एक गृहस्थ मुलासाठी आले. त्यांनी रुमालातून पेनड्राइव्ह काढला, त्यावर हळदकुंकू. मी पाटीकडे बोट दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला.

“देवापुढं ठेवून आणला जी बाई. आता वापस कसा नेऊ?”

मलाच कसंतरी झालं. म्हटलं, बसा, तुम्ही सांगा, मी टाइप करते. चहा केला, पोहे केले. सगळं लिहून झालं तरी मनातली बोच जाईना. तेवढ्यात त्यांना पडद्यावर केनवडच्या एका मुलीचा फोटो दिसला.

“हे पोरगी कशी हाये?”

“गुणी आहे. फक्त तिच्या आईशी आधी मोकळं बोलून घ्या.”

“काहून?”

आणि मी सांगितलं. लहानपणी तिला झटके यायचे, गोळ्या बंद होऊन सात वर्षं झाली, आता काहीही नाही. देवाचा पेनड्राइव्ह नाकारला होता ना, निदान माणूस तरी रिकाम्या हातानं जाऊ नये, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. ते गेल्यावर मी हार्डडिस्कवर प्रत घेतली आणि कपाटाला कुलूप लावलं. सगळं नीट केल्याचं समाधान वाटलं.

तीन आठवड्यांनी त्या मुलीची आई आली. पाणीही न पिता बसली.

“बाई, रिठदवाल्यायनं नाही म्हनून सांगतलं. मिरगीची पोरगी नाही पायजे म्हने. मी तं फक्त तुमाले सांगतलं व्हतं.” मग तिनंच आवाज खाली आणला. “तुमचा कॉम्प्युटर जुना झाला म्हनतात. त्याच्यातून चोरी होते म्हने. तुमाले दोष नाही देत मी. मशीनच ते.”

तिनं मला वाट करून दिली होती. नुसतं ‘हो, जुना झालाय’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते शब्द माझ्या तोंडाशी आले होते, हे कबूल करते.

“मशीननं नाही सांगितलं,” मी म्हटलं. “मी सांगितलं.”

का, असं तिनं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर पोह्यांच्या ताटलीपासून सुरुवात करावी लागली असती. मला फार लाज वाटली. अशी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती.

“माह्या पोरीचं काढून टाका,” ती म्हणाली.

मी खुर्ची ओढून तिला शेजारी बसवलं. तिच्या डोळ्यांदेखत मुलीचं पान पुसलं, फोटो पुसला. कपाट उघडून हार्डडिस्क लावली, तिथलंही पुसलं. तिला वाचता येत होतं, ती प्रत्येक वेळी पडद्यावर वाकून नाव शोधत होती. नाव कुठंच दिसलं नाही तेव्हा तिनं पदर सावरला.

“आता गेलं ना बाई सगळं?”

“यातून गेलं,” मी म्हटलं.