‘अप’ची जात

सिल्व्हर पार्कमधल्या आमच्याच बिल्डिंगमध्ये वर राहणाऱ्या टीचरनी मला फसवलं. ठरलं होतं इंग्रजी शिकवायचं; त्यांनी माझी मुलगीच पळवली.

कुठलाही शब्द आला, की त्यावर अंगठा ठेवून त्या म्हणायच्या, “शेजारी कोण बसलंय ते आधी बघ.” सातवीतली माझी पोर घरी येऊन तसाच अंगठा बिस्किटाच्या पुड्यावरच्या शब्दांवरही ठेवायची. डोकं फिरायचं माझं.

आधी ती शाळा सुटली की भाईंदर पश्चिमेला माझ्या टाइल्सच्या दुकानात येऊन अभ्यास करायची. इन, ऑन, अप, अंडर, सगळी प्रिपोझिशन, हे मीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. इंग्रजी मी शाळेत नाही, बिल्डर लोकांशी घासाघीस करत शिकलो. पण शिकलो ना? आणि ही म्हणते, “पप्पा, अप दर वेळी प्रिपोझिशन नसतं. टीचर म्हणाल्या.”

तडक वर गेलो. “मॅडम, एक भाव बोला. अप प्रिपोझिशन आहे की नाही?”

“भाऊ, वाक्य द्या, मग सांगते.”

“ही वेन्ट अप.”

“पुढे नाम नाही. क्रियाविशेषण.”

“ही वेन्ट अप द स्टेअर्स.”

“आता पुढे जिना आला. आता प्रिपोझिशन.”

“म्हणजे गिऱ्हाईक बघून भाव?”

त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. “गिऱ्हाईक नाही भाऊ, काम बघून.” माझी पोरही हसली. माझ्यावर.

पुस्तकात ‘शब्दांच्या जाती’ असं छापलेलं असायचं. टीचर त्यातल्या ‘जाती’ खोडून ‘कामं’ लिहायला लावायच्या. मी म्हटलं, “मार्क जातील.” तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत.

“मराठवाड्यात आमच्या गावी माझ्या वडिलांना आधी जात विचारायचे, काम नंतर. शब्दांना तरी मी तसं विचारणार नाही.”

दुसऱ्या दिवशी उत्तनच्या कोळीवाड्यातली ताजी पापलेटं पाठवली त्यांना. त्यांनी कालवण करून अर्धं खाली धाडलं. पोरीने वाटी चाटली आणि म्हणाली, “आईपेक्षा भारी!” बघा, माझ्याच माशांवर!

गेल्या महिन्यात गुडघे पार गेले म्हणून टीचर भावाकडे लातूरला राहायला गेल्या. सामान टेम्पोत चढवायला माणसं मीच दिली. सुटलो, म्हटलं.

मी अपेंडिक्सने हॉस्पिटलात पडलो होतो, तेव्हा ही पोर दोन्ही वेळा पोटभर जेवत होती. टीचर गेल्या त्या दिवशी ताट तसंच राहिलं. “पुस्तक आण, मी शिकवतो,” म्हटलं.

“राहू दे पप्पा,” म्हणाली, आणि बाल्कनीत जाऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. खांदे हलत होते.

टीचर, पोर माझी आणि रडते तुमच्यासाठी. हिला मी काय सांगू? फोनवर गोड बोलून भागणार नाही. गाडी मी पाठवतो. या, तिच्यासमोर बसा आणि उत्तर द्या.