बरडावरची चूल

वाटणीत भावानं मला बरड दिलं, ही गोष्ट मी विसरलेली नाही. काळी जमीन त्यानं स्वतःकडे ठेवली. मी वाटा मागितला तेव्हा तांड्यातली चार शहाणी माणसं म्हणाली, बहीण असून वाटा मागते. मी म्हटलं, बहीण आहे म्हणूनच मागते, शेजारीण असते तर मागितला नसता. त्यावर मला नाल्याकाठचा तुकडा मिळाला. नुसता दगड, थोडे पळस आणि एक मोहाचं झाड. धाकटा असूनही भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "घे बाई. आता दगड विकून दाखव."

आज त्याच दगडांवर झोपायला नागपूरहून लोक येतात, आणि आधी मला फोन करून विचारतात की जागा मोकळी आहे का.

हे कसं झालं ते सांगते. घाटंजीच्या बाजारात मी अर्धं आयुष्य दोर, सुपं आणि बादल्या विकल्या. दुकान पुढं झालं, आधी जमिनीवर पोतं अंथरूनच बसायचे. एकदा एक बाई दोर घ्यायला आल्या. पॅन्ट घातलेल्या, उन्हानं रापलेल्या, आणि भाव करण्यात माझ्या तोडीच्या. दोर हातात ताणून पाहिला, गाठ मारून सोडून पाहिली, मग तोंड उघडलं. मला अशी गिऱ्हाईकं आवडतात. मी विचारलं, "बैल बांधायचा का?"

"नाही. झाडांना ताडपत्री बांधून खाली झोपायचंय."

"घर नाही का तुम्हाला?"

"आहे ना ताई. म्हणूनच बाहेर झोपावंसं वाटतं."

त्या मॅडम बुशक्राफ्टची शिबिरं घेत असत. मला तो शब्द त्या दिवशी कळला. त्यांना नाला हवा होता, सुकं लाकूड हवं होतं, आणि सपाट केलेली जमीन मुळीच नको होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बरडासारखीच जागा आपल्या तोंडानं मागत होतं. मी चेहरा अगदी कोरा ठेवला आणि म्हटलं, जागा आहे, पण मी सहज देत नाही.

तेव्हापासून थंडीत शिबिरं होतात. मी सकाळी दूध आणि भाकरी घेऊन जाते आणि बसून पाहते. मॅडमला विचारलं की बुशक्राफ्ट म्हणजे काय, तर त्या म्हणतात, रानात राहायचं आणि मागे काही सोडायचं नाही. त्यांच्याबरोबर एक कम्प्युटरवाला पोरगा येतो. त्याच्यासाठी ते सगळं चाकूत आहे. काडी सोलून तिची पिसासारखी फुलं काढतो, आणि गारगोटीवर लोखंड घासून ठिणगी पाडतो. मला ते येत नाही. मी माचिस विकते. बँकेतून रिटायर झालेले एक काका येतात, त्यांना चाकूबिकू काही नको. स्वतः वेचलेल्या काटक्यांवर स्वतःचा चहा झाला की त्यांचं बुशक्राफ्ट पुरं झालं. घरी त्यांना गॅसजवळ कोणी जाऊ देत नाही म्हणे.

आणि मी? माझी याडी, म्हणजे आई, हे सगळं रोज करायची आणि त्याला नाव नव्हतं. मोहाखाली तिची तीन दगडांची चूल होती. शेतात आलं की तिथंच चहा, तिथंच भाकरी. आमचे आजे-पणजे लदेणीवाले. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. मुक्काम हलवताना चूल मोडायची नाही, उलट शेजारी सुक्या काड्यांची जुडी ठेवून निघायचं, ही त्यांची रीत. मागून येणारा थकलेला असेल, त्याला पावसापाण्यात लाकूड शोधावं लागू नये. याडीनं ती रीत शेतातही पाळली. तिच्या मागे मी पाळते. तिची लुगडी, तिचे दागिने, सगळं वाटलं गेलं. ते तीन दगड मात्र जमिनीबरोबर माझ्याकडे आले, कारण त्यांना कोणी वस्तू समजलं नाही.

गेल्या थंडीतली गोष्ट. एरवी पलीकडे पळसांत होणारं शिबिर त्या वेळी पहिल्यांदाच मोहाखाली उतरलं होतं. शिबिराच्या शेवटच्या सकाळी मी दूध घेऊन गेले, तर मोहाखाली काहीच नाही. चूल नाही, राख नाही, जुडी नाही. जमीन फांदीनं झाडून पालापाचोळा पसरून ठेवलेला.

मॅडम खुशीत होत्या. "बघा ताई, इथं कोणी राहून गेलं हे कोणालाही कळणार नाही."

"चूल कुठंय?"

"मोडली. काकांनी काल तिच्यावर चहा केला होता. कोणीतरी आधीचे लोक तशीच टाकून गेले असणार. दगड वाळूनं घासून काजळी काढली आणि नाल्यात नेऊन ठेवले, जिथले तिथं."

घासून. आमच्या नाल्यात दगडांशिवाय दुसरं काय आहे. मी दुधाची कॅन आपटली आणि मग जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाजारात गिऱ्हाईक पळवणाऱ्यालाही मी तसं बोललेली नाही. बोलून झाल्यावर मात्र मी खाली बसले. "माझ्या आईची होती ती," एवढंच शेवटी म्हटलं.

मॅडमनी सबब सांगितली नाही, त्याबद्दल मी त्यांना मानते. सरळ नाल्यात उतरल्या आणि म्हणाल्या, "या वळणापासून त्या पळसापर्यंत. याच्या बाहेर मी गेले नव्हते." मग सगळेच उतरले. पोरगा प्रत्येक दगडावर चाकूचं टोक फिरवत होता. वरून घासलं तरी छिद्रांत काजळी राहते, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरं निघालं. एका दगडातून काळी भुकटी पडली. पुढं दुसऱ्यातूनही पडली. काकांनी माझा चहाचा गंज, म्हणजे पातेलं, आणून दोन्ही दगडांवर टेकवला आणि म्हणाले, "बरोबर. खांदे आत झुकलेत. तिसराही असाच असणार." पण तिसरा मिळेना. तो गुळगुळीत होता, छिद्रं नसलेला, घासल्यावर त्याच्यावर काय उरणार.

तेवढ्यात बांधावरून भाऊ चालला होता. त्याच्या शेतात जायची वाट तिथूनच आहे. आम्ही आपसात आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलतो, पण त्या दिवशी तो मुद्दाम वऱ्हाडीत बोलला, पाहुण्यांनाही समजावं म्हणून.

"काय शोधून राह्यली, बाई?"

"तू देल्ले दगड बराबर हायेत का, पाहून राह्यली."

"इतक्या वर्सांनं?"

"तुह्यावर भरोसा नाही ना."

लोक हसले, तोही हसला. मग काकांनी त्याला खरं काय ते सांगितलं. भावाचं हसू गेलं. त्यानं चपला काढल्या, नाल्यात उतरला आणि दगडांच्या कडा नुसत्या बोटांनी चाचपत निघाला. पोरगा म्हणाला, "दादा, त्याला काजळी नाही."

"काजळी कायले पाह्यजे? मी लहानपनी याडीचा इळा त्या दगडावर घासो. मार खाल्ला, तरी घासो."

पळसाच्या मुळाशी त्यानं एक दगड उचलून कडेवरून अंगठा फिरवला. तिथं एक उथळ खाच होती. मला आणून दिला. मीही अंगठा फिरवला. मला ती खाच माहीत नव्हती. इतकी वर्षं मी त्या चुलीवर चहा केला, पण चूल मी हातानं पुसत होते, तो तिच्यावर विळा घासत होता.

चूल मांडली. गंज हलला नाही. पोरानं ठिणगी पाडली, काकांनी काटक्या सारल्या, मी चहा टाकला. वाटणीनंतर भाऊ माझ्या बरडावर पहिल्यांदाच बसला होता. ताडपत्र्या, दोर, नागपूरची माणसं बघत होता. कप रिकामा झाल्यावर हळू म्हणाला,

"एक दगड मले दे. याडी माहीबी होती."

मी आधी त्याचा कप विसळला. भावात घाई केली की माल गेला.

"दोन दगडांवर गंज बसत नाही," मी म्हटलं.

"मंग मी काय करू?"

"चहा पाह्यजे त इथं येत जा. दूध तू आन."

"वाटा मागतो, त दूधबी मीच आनू?"

"तुही म्हैस काळ्या जमिनीवरचा चारा खाते. आन."

तो मॅडमकडे बघून म्हणाला, "पाह्यलं? हे असं हाय." मॅडम म्हणाल्या, "मला माहीत आहे. मी यांच्याकडून दोर घेतलाय."

निघताना मॅडमनी सगळी जागा पुन्हा झाडली, पण चुलीला हात लावला नाही. त्यांनी स्वतः सुक्या काड्यांची जुडी बांधून शेजारी ठेवली, माझ्याच दुकानातल्या सुतळीनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ कॅन घेऊन आला आणि मोहाखाली बसला. दुधात पाणी होतं. मी तसं त्याला तोंडावर सांगितलं, आणि चहा टाकला.