प्रभाकरभाऊंनी कीबोर्डला हात लावला नाही

महिना होत आला. शाळेच्या संगणक कक्षात तास चालू असताना प्रभाकरभाऊंच्या पत्नी सुनंदावहिनींचा फोन आला, "तुझे भाऊ गेले गं." मी फक्त "कधी?" विचारलं. आर्णीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारे प्रभाकरभाऊ माझ्या नात्याचे नव्हते. पण आमच्या घरातली पहिली पदवी माझ्या नावापुढे लागली, ती त्यांच्यामुळे.

कापसाचे भाव पडले होते त्या वर्षांत मी बारावी होऊन कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये गाड्यांच्या वजनाच्या काटापावत्या कॉम्प्युटरवर छापत होते. त्या नोकरीवरच बाहेरून बी.ए. करणार होते. एका सकाळी अकरा गाड्यांच्या पावत्या देऊन झाल्या आणि बाराव्या गाडीवाल्यानं विचारलं, "बाई, हे साल कोणतं?" पावतीवर कित्येक वर्षांपूर्वीची एक जानेवारी होती. अशा पावतीवर गाडी आत घेत नसत. मॅनेजर म्हणाले, "मुनीमजीच्या पेनानं कधी साल मागं नेलं नाही. उद्यापासून तुह्या जागी त्यायलेच बोलावतो." मी बायोस उघडून दोनदा तारीख बदलली, दोनदा ती परत मागे गेली.

निरोप मिळताच प्रभाकरभाऊ लुनावरून आले आणि हात मागे बांधून उभे राहिले. "कर पुन्हा. पाहतो मी." मशीन सुरू होताना मी डिलीट दाबत राहिले, बायोसचं निळं पान उघडलं. एकेक की जपून दाबत होते. "घाबरते कायले? विंडोज उठायच्या आधी मशीन हेच पान वाचते. आज कोणता दिवस, डिस्क कुठं, सारं इथं." मी तारीख घातली, सेव्ह केलं, मशीन बंद केलं आणि सवयीनं मेन स्विचही पाडला. आगीच्या धाकानं जिनिंगमध्ये सगळे तेच करत. "तूच लिहून तूच पुसून राह्यली," ते हसले. आतला गोल सेल संपला होता. लाईट गेली की मशीन सगळं विसरे. नवा सेल त्यांनी माझ्याच हातून बसवून घेतला. मग म्हणाले, "सुरू होताना एक ओळ येत असंन." येत होती, आठवडाभर: सेल उतरत आलाय म्हणून. मी न वाचता एफ-वन दाबून पुढे जात होते.

मॅनेजरांनी विचारलं, बिघाड काय होता? भाऊंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मशीन सांगत होतं. मी वाचलं नाही." मॅनेजरांनी नवी पावती हातात घेऊन तारीख पाहिली. मग म्हणाले, "अकराही पावत्या बदलून दे, अन् बस कामाले." मी गाडीगाडीपाशी गेले. एक म्हातारबुवा पावती परत देताना म्हणाले, "मले वाटलं, जुन्या सालचा भाव देता."

परवा वहिनींना भेटायला गेले. दुकान तसंच आहे. बाहेरगावी असलेला मुलगा विकून टाक म्हणतो. वहिनी म्हणाल्या, "मी चालवीन म्हणते. अर्धं तर पाहून पाहून येते मले. उरलेलं तू सांगशील काय?"

मी भाऊंच्या मशीनसमोरच्या खुर्चीतून उठले, वहिनींना तिथे बसवलं आणि हात मागे बांधून उभी राहिले.