वर केलेला हात

विसरवाडीजवळच्या आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल ऑनलाइन प्रशिक्षणाला इस्त्रीचा सदरा घालून बसतात आणि मोबाइलमधल्या प्रशिक्षिकेला उभे राहून नमस्कार करतात. आमचा कॅमेरा मात्र बंदच असतो. काल पुस्तकांच्या संगणकीय नोंदींविषयी सांगून झाल्यावर तिने शंका विचारायला सांगितले. ग्रंथपालांनी हात वर केला. त्यासाठी बटण दाबावे लागते, असे मी शेजारून म्हणाले.

“हात वर शे मन्हा, ताई. बलावतीन त्या.”

मी बटण शोधेपर्यंत आभार मानून वर्ग संपला होता. हात खाली घेत त्यांनी आपली शंका मलाच विचारली.

“आपलाकडे कम्प्युटर नही. मंग हाई वाचनालय बंद करी देतीन का?”

वाचनालयाच्या मान्यतेसाठी संगणक सक्तीचा करणारे नवे निकष मी वाचलेले होते. तरीही मी “माहीत नाही” म्हणाले.