सुलेखाताईंचे शनिवार

न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडजवळच्या पापाकुराच्या आमच्या फार्मसीत शनिवार म्हणजे सुलेखाताई, हे इतकं ठरलेलं होतं की आमचा मालक नील रोस्टर करताना कुणाला विचारतही नसे. बाकीच्यांच्या मुलांचे शनिवारी सामने. माझ्या वेदांतचाही फुटबॉल. "ताईंची लेक संसाराला लागली, त्यांना सुट्टी कशाला हवी?" असं म्हणणाऱ्यांत मी सगळ्यांच्या पुढे. लाज वाटते, पण म्हणत होते.

ताई मूळच्या पुण्याच्या, तोंडानं फटकळ. तरी सात वर्षं तक्रार नाही. उलट शनिवारी घरी जाताना हेमी नावाच्या म्हाताऱ्या माओरी आजोबांच्या आठवड्याच्या गोळ्या त्यांच्या दारात पोचवायच्या, 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करून चहा प्यायच्या, आधीच्या गोळ्या घेतल्यात ना ते बघायच्या. हे त्यांचं काम नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

मे महिन्यात त्यांची नात इरा ऑकलंडच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीला, दर शनिवारी नेटबॉल खेळायला लागली. ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा एक शनिवार मागितला. नील म्हणाला, "सॉरी सुलेखा, पेरेंट्स फर्स्ट." आजी पालकांत बसत नाही म्हणे!

तेव्हापासून ताई वेळ झाली की पर्स उचलायच्या. आदळआपट नाही, कामात खोट नाही, फक्त जास्तीचं काही नाही. हेमी काठी टेकत स्वतःच गोळ्या न्यायला येऊ लागले. न राहवून मी म्हटलं, "ताई, हेमींनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"त्यांनी काहीच नाही गं. माझंच मन होत नाही." ताईंचे डोळे भरले. "इराचे पाच सामने झाले. आता तर ती येशील का म्हणून विचारतही नाही."

मला ते फार लागलं. कारण वेदांतच्या सामन्यांना मी निम्मा वेळ गाडीत बसून फोन बघायचे!

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी नीलला सांगितलं, "शनिवार आळीपाळीनं करू. पहिला माझा." काउंटरवरचा सुयश म्हणाला, "दुसरा माझा." नीलनं फळ्यावर सगळ्यांची नावं लिहिली, खाली स्वतःचंही. मग ताईंकडे वळला. "आय शुड हॅव आस्क्ड यू, सुलेखा. सॉरी."

त्या शनिवारी दुकानात मी. जाताना हेमींच्या गोळ्या आपणच द्याव्यात म्हणून बघते तर पाकीट जागेवर नाही. माझी पाचावर धारण बसली. ताईंना फोन लावला.

"अगं, कालच देऊन आले मी," ताई ओरडून म्हणाल्या. मागे पोरींचा नुसता कल्ला. "म्हटलं, उद्या मी मॅचला, तुझ्या लक्षात राहील न राहील."

"अहो पण ताई, सांगायचं तरी..."

"आज्जी! फोन डाऊन! वॉच मी!" तिकडून इरा किंचाळली.

आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ताईंनी फोन ठेवला.